बदलाचा माग : संस्था-आराखड्यातील परिणाम-अहवालाच्या मांडणीचा इतिहास

एखाद्या मोठ्या संस्थेच्या संगणकव्यवस्थेतील एक घटक बदलावयाचा किंवा काढून टाकावयाचा झाला, म्हणजे त्या बदलाची झळ आणखी कोठे कोठे पोचेल हे आधी लिहून काढण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. या लेखनास परिणाम-विश्लेषणाचा अहवाल असे म्हणतात. बँका, विमासंस्था, सरकारी खाती यांच्याजवळ आपला कारभार, आज्ञावल्या व यंत्रसामग्री यांचे एकत्रित प्रतिमान सांभाळणारे खास सॉफ्टवेअर असते. ज्या विद्येतून असे प्रतिमान निर्माण होते तिला एंटरप्राइज आर्किटेक्चर हे नाव मिळाले आहे. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी संस्था-आराखडा हा शब्द योजिला आहे. या सॉफ्टवेअरमध्ये एक घटक निवडला आणि आज्ञा दिली की काही क्षणांत अहवाल समोर येतो. परंतु तो तसा येण्यापूर्वी कोणी तरी काही निर्णय घेऊन ठेवलेले असतात. माग कोणत्या घटकापासून काढावयाचा, कोणत्या संबंधांवरून चालावयाचे, बाणाच्या दिशेने जावयाचे की उलट, आणि किती पावलांवर थांबावयाचे, हे ते निर्णय होत. ते कसकसे घडत गेले आणि त्यांतील कोणते आजही अनिर्णीत आहेत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विषयाचा इतिहास म्हणजे संगणकाच्या वाढत्या शक्तीचा इतिहास होय, असा एक समज आढळतो. पूर्वी यंत्रे दुबळी होती म्हणून माग थोडा काढला जाई, आता ती बलिष्ठ झाली म्हणून तो सर्वदूर काढता येतो, असे त्या समजाचे स्वरूप आहे. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाही. सर्वदूर माग काढण्याचे गणित १९६२ पासून उपलब्ध आहे. त्या वर्षी स्टीफन वॉर्शल यांनी शून्य आणि एक या दोनच अंकांनी भरलेल्या कोष्टकांविषयीचा आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. कोणत्या घटकापासून कोणत्या घटकाला थेट संबंध आहे हे कोष्टकात मांडले, तर कोणत्या घटकापासून कोणत्या घटकापर्यंत कोणत्याही वाटेने पोचता येते हे त्यावरून अगदी थोड्या पायऱ्यांत काढता येते, असे त्यांनी दाखविले. तेव्हा अडचण माग काढण्याची नव्हती. काढलेल्या मागाचा अर्थ काय, ही अडचण होती. आणि गेल्या साठ वर्षांतील खरी प्रगती त्या अर्थाच्या बाजूने झाली आहे.

१

या अहवालाचे मूळ कारखान्यात सापडते. यंत्र बनविणाऱ्या कारखान्यास दोन प्रश्न नेहमी पडत. हे यंत्र बनवावयाचे तर कोणकोणते सुटे भाग लागतील, हा एक. आणि हा सुटा भाग बदलला तर तो कोणकोणत्या यंत्रांत बसविलेला आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्रापासून भागांकडे उतरत जाते, दुसऱ्याचे भागापासून यंत्राकडे चढत जाते. माहिती एकच असते, वाचण्याची दिशा मात्र उलटी असते. आयबीएम कंपनीने १९६० नंतरच्या दशकात भागांच्या याद्या हाताळणाऱ्या ज्या आज्ञावल्या तयार केल्या, त्यांत ‘हा भाग कोठे वापरला आहे’ हे सांगणारी यादी काढण्याची सोय होती. चंद्रावर मनुष्य उतरविण्याच्या अपोलो योजनेतील असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून याच कंपनीने रॉकवेल व कॅटरपिलर या कंपन्यांच्या सहकार्याने आयएमएस ही माहितीसंचय-प्रणाली रचली व ती १९६८ मध्ये चालू झाली. पुढे बँकांचे व विमासंस्थांचे व्यवहार ज्या प्रणालीवर दशकानुदशके चालले ती अशा रीतीने भागांच्या यादीतून जन्मास आली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कारखान्यातील ‘कोठे वापरला’ या यादीत एक सोय होती, जी पुढे संस्था-आराखड्यास लाभली नाही. तेथे संबंध एकाच प्रकारचा होता : भाग यंत्रात बसतो. त्यामुळे चढत जाण्याचा अर्थ नेहमी एकच राही. आज्ञावल्यांच्या बाबतीत तसे नाही. एक आज्ञावली दुसरीला हाक मारते, तिसरीची माहिती वाचते, चौथीच्या आधी चालते, पाचवीचा अंश असते. या सर्वांना ‘संबंध’ असे एकच नाव दिले की यादी निघते खरी, पण ती वाचून काय करावयाचे हे कळत नाही.

आज्ञावलीच्या क्षेत्रात हा प्रश्न प्रथम स्पष्टपणे ज्यांनी मांडला त्यांत एफ. एम. हेनी यांची गणना केली पाहिजे. १९७२ मध्ये वाचलेल्या एका निबंधात त्यांनी आज्ञावलीच्या खंडांचे चौकोनी कोष्टक कल्पिले. प्रत्येक घरात, या खंडात बदल केला असता त्या खंडात बदल करावा लागण्याचा संभव किती, याचा आकडा लिहावयाचा. मग एका बदलामुळे दुसरा, दुसऱ्यामुळे तिसरा, अशा लाटा उठत जातात आणि त्यांची बेरीज करता येते. लाटा क्रमाने लहान होत गेल्या तर आज्ञावली स्थिर होते. तशा न झाल्या तर एक दोष दुरुस्त करताना दुसरा उत्पन्न होत राहतो आणि काम कधीच संपत नाही. हेनी यांच्या मांडणीत आम्हांस मोलाची वाटते ती गोष्ट ही, की संबंध आहे किंवा नाही एवढ्यावर ते थांबले नाहीत. संबंधाला त्यांनी वजन दिले. दुर्दैवाने हे आकडे भरावयाचे कोणी आणि कशावरून, याचे उत्तर अनुभवी माणसाच्या अंदाजापलीकडे गेले नाही. तथापि ‘लाट’ ही प्रतिमा टिकली. १९७४ मध्ये स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांनी खंडांतील परस्परगुंत्याचे प्रकार सांगितले आणि १९७८ मध्ये याऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी देखभालीच्या संदर्भात तरंगांचे विश्लेषण मांडले, तेव्हा ही कल्पना शास्त्रीय वाङ्मयात स्थिरावली.

२

आतापर्यंतची चर्चा आज्ञावलीच्या आतल्या भागांची झाली. संस्थेच्या कारभाराशी तिचा सांधा जुळविण्याचे काम निराळ्या दिशेने चालू होते. आयबीएमने १९७० नंतर आपल्या ग्राहकांपुढे व्यवसाय-प्रणाली-नियोजन नावाची पद्धत मांडली. तीत संस्थेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन एका बाजूस कामांची व दुसऱ्या बाजूस माहितीच्या वर्गांची नावे लिहीत, आणि जेथे एखादे काम एखादी माहिती निर्माण करते तेथे एक अक्षर व जेथे ती केवळ वापरते तेथे दुसरे अक्षर घालीत. मग ओळी व रकाने असे फिरवावयाचे की निर्माण करणारी अक्षरे कर्णरेषेवर येतील. त्यांच्याभोवती चौकटी आखल्या की प्रत्येक चौकट म्हणजे एक संभाव्य प्रणाली. चौकटीबाहेर उरलेली वापराची अक्षरे म्हणजे एका प्रणालीतून दुसरीकडे जाणारी माहिती.

हे कोष्टक भिंतीवर लावता येई. त्यापुढे उभा राहून एखादा अधिकारी ‘पॉलिसीधारकाची माहिती बदलली तर कोणाकोणाला कळवावे लागेल’ हे बोट फिरवून सांगू शकत असे. हा परिणाम-अहवालच होय. फक्त तो लिहिलेला नव्हता, आणि त्याचे नियम बोट फिरविणाऱ्याच्या डोक्यात होते. त्याला ठाऊक असे की या घरातले अक्षर नाममात्र आहे आणि त्या घरातले मात्र फार महत्त्वाचे. पुढे हे कोष्टक सॉफ्टवेअरमध्ये गेले तेव्हा अक्षरे गेली, पण बोट फिरविणाऱ्याचे ज्ञान मागे राहिले. अहवालाच्या मांडणीतील पुष्कळशा अडचणींचे मूळ येथे आहे, असे आमचे मत आहे.

या पद्धतीच्या कामात वाढलेल्या जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये माहितीप्रणालींच्या स्थापत्याची प्रसिद्ध चौकट मांडली. इमारतीच्या बाबतीत मालकाचे चित्र, वास्तुविशारदाचे चित्र आणि गवंड्याचे चित्र ही एकाच वास्तूची भिन्न दर्शने असतात, तसेच येथेही असते, हा त्यांचा दृष्टान्त. १९९२ मध्ये जॉन सोवा यांच्यासह लिहिलेल्या निबंधात ती चौकट सहा रकान्यांपर्यंत वाढली. झॅकमन यांनी घरे नीट आखून दिली, यात संशय नाही. एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याच्या वाटा मात्र त्यांनी आखल्या नाहीत. आणि परिणामाचा माग तर वाटांवरूनच काढावा लागतो. प्रतिमाने साठविणारी पहिली सॉफ्टवेअरे याच सुमाराची. न्यूयॉर्कच्या पॉप्किन कंपनीचे सिस्टम आर्किटेक्ट आणि जर्मनीत सारब्रुकेन येथे आउगुस्ट-व्हिल्हेल्म शेर यांच्या कल्पनांवर उभे राहिलेले अॅरिस ही त्यांतील नामांकित. चित्र आणि भांडार हा भेद त्यांनी रूढ केला. कागदावरील दोन चित्रांत एकाच आज्ञावलीचे दोन चौकोन असले तर ते दोन चौकोनच राहतात. भांडारात ती एकच नोंद असते व ती दोन चित्रांत दिसते. हा भेद नसता तर पुढचे काहीच शक्य झाले नसते.

३

विसाव्या शतकाच्या अखेरीस या विद्येची मोठी परीक्षा झाली. वर्ष दोनच आकड्यांनी लिहिण्याच्या जुन्या सवयीमुळे १ जानेवारी २००० रोजी संगणकव्यवस्था कोलमडतील, ही भीती १९९३ मध्ये पीटर द यागर यांच्या एका लेखाने चर्चेत आणली आणि पुढील सात वर्षांत साऱ्या जगाने आपल्या आज्ञावल्या तपासून घेतल्या. अमेरिकी काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने १९९७ मध्ये जी मार्गदर्शिका काढली तीत जागृती, मूल्यमापन, दुरुस्ती, पडताळणी व अंमलबजावणी असे पाच टप्पे सांगितले होते. त्यांतील दुसरा टप्पा म्हणजे अत्यंत मोठ्या प्रमाणावरील परिणाम-विश्लेषण होय.

या कामातील मोठा वाटा भारतीय कंपन्यांनी उचलला. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस त्यांत अग्रभागी होती. मुंबई-पुण्याकडील पुष्कळ मराठी तरुणांनी परदेशी बँकांच्या कोबोल भाषेतील आज्ञावल्या प्रथम पाहिल्या त्या याच निमित्ताने. आपल्याकडे या कालखंडाचे वर्णन केवळ मिळालेल्या कामाच्या व परकीय चलनाच्या अंगाने होते. त्यात जी बौद्धिक मेहनत होती तिची नोंद फारशी झालेली नाही. म्हणून तिच्याबद्दल थोडे लिहिणे उचित होईल.

तारखेची रकाने शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे नावावरून शोध घेणे. ज्या रकान्याच्या नावात ‘डेट’ हा शब्द आहे तो तारखेचा, असे समजावयाचे. परंतु ‘अपडेट’ या शब्दातही ‘डेट’ आहेच. उलट, जुन्या काळच्या एखाद्या प्रोग्रामरने नुसते ‘एक्स-वन’ असे नाव दिलेल्या रकान्यात कर्जाच्या मुदतीचे वर्ष असू शकते, आणि नावावरून ते कधीही सापडत नाही. म्हणून दुसरा मार्ग घ्यावा लागे. निश्चितपणे तारखेचे असे काही रकाने बीज म्हणून धरावयाचे, आणि त्यांतील मजकूर ज्या ज्या रकान्यांत हलविला जातो, ज्यांच्याशी ताडून पाहिला जातो, जे त्याच जागेला दुसऱ्या नावाने ओळखतात, ते सर्व क्रमाने गोळा करावयाचे. अनेक आज्ञावल्यांत एकच मजकूर सामाईक म्हणून घेतलेला असे. तेथून माग एका आज्ञावलीतून शंभर आज्ञावल्यांत शिरे. अशा वेळी थांबावयाचे कोठे? थांबला नाही तर सर्व आज्ञावल्या दोषी ठरत, लवकर थांबला तर खरा दोष सुटून जाई. पहिली चूक पैशाची होती आणि दुसरी विश्वासाची. अनेक ठिकाणी पहिली चूक पत्करण्यात आली, आणि त्या परिस्थितीत ते योग्यच होते.

१९९६ मध्ये, म्हणजे हे काम ऐन भरात येण्यापूर्वीच, शॉन बोनर आणि रॉबर्ट अर्नोल्ड यांनी संपादिलेल्या ग्रंथाने या दोन चुकांना नावे दिली. बदलाचा आरंभ जेथे होतो तो आरंभसंच. ज्यांना झळ पोचेल असा अंदाज केला तो अंदाजसंच. आणि प्रत्यक्ष बदलावे लागले ते घटक म्हणजे वास्तवसंच. अंदाजात होते पण बदलावे लागले नाहीत ते खोटे इशारे, आणि अंदाजात नव्हते पण काम करताना सापडले ते उशिरा कळलेले परिणाम. ही परिभाषा साधी आहे, पण तिने अहवालाचे मोजमाप शक्य केले. दोनच वर्षांनी मिकाएल लिंडव्हॉल व क्रिस्टियान सँडाल यांनी स्वीडनमधील एरिक्सन कंपनीतील एका प्रकल्पाची अशी मोजदाद प्रसिद्ध केली. आपल्या प्रणालीशी पूर्ण परिचित असलेल्या अनुभवी माणसांनी आधी केलेला अंदाज आणि नंतर झालेले बदल यांची तुलना त्यांनी केली, तेव्हा अंदाज नेहमी अपुरा पडलेला दिसला. जे बदलेल असे या माणसांनी म्हटले ते बहुधा बदललेच. परंतु ज्याचा त्यांनी उच्चारही केला नव्हता असे कितीतरी बदलले. येथे एक लक्षणीय विरोध दिसतो. यंत्र माग काढते तेव्हा खोटे इशारे फार होतात. मनुष्य काढतो तेव्हा उशिरा कळलेले परिणाम फार होतात. अहवालाची मांडणी करणाऱ्यास या दोहोंच्या मध्ये कोठे तरी उभे राहावयाचे असते.

४

संबंधांच्या अर्थाचा प्रश्न खऱ्या अर्थाने हाती घेतला तो डच संशोधकांनी. २००२ ते २००४ या काळात नेदरलँड्समधील टेलेमॅटिका संस्थेच्या नेतृत्वाखाली, मार्क लँकहोर्स्ट यांच्या मार्गदर्शनाने, आर्किमेट या चित्रभाषेची रचना झाली. तीत विद्यापीठांबरोबर एबीएन आम्रो बँक, तेथील करखाते आणि एबीपी हा निवृत्तिवेतन निधी हे सहभागी होते. ज्यांना रोज बदल करावे लागतात अशी मंडळी भाषेच्या जन्मकाळी उपस्थित होती, ही गोष्ट तिच्या गुणदोषांत उमटलेली दिसते. २००८ मध्ये ही भाषा द ओपन ग्रुप या संघटनेकडे सोपविली गेली आणि २००९ मध्ये तिची पहिली प्रमाण आवृत्ती निघाली.

या भाषेत संबंधांचे प्रकार मोजके व नावनिशीवार आहेत : समावेश, संग्रह, नेमणूक, साकारणे, सेवा देणे, माहिती हाताळणे, इत्यादी. आणि त्यांचा बलक्रम ठरविलेला होता. सर्व्हरवर फाइल बसविलेली आहे, फाइल आज्ञावली साकारते, आज्ञावली सेवा पुरविते, सेवा कर्जमंजुरीच्या कामाला लागते. तर सर्व्हर आणि कर्जमंजुरी यांच्यात कोणता संबंध मानावयाचा? व्हान ब्यूरेन आदी संशोधकांनी २००४ मध्ये याचे सुटसुटीत उत्तर दिले : वाटेतील सर्वांत दुर्बल संबंध जो असेल तोच दोन टोकांमध्ये आहे असे समजावे. या एका नियमाने मधले सर्व टप्पे गाळून संक्षिप्त अहवाल काढणे शक्य झाले. वरिष्ठ अधिकाऱ्यास फाइलशी कर्तव्य नसते. कोणता सर्व्हर बंद केला तर कर्जमंजुरी थांबते, एवढेच त्यास हवे असते.

२००५ मध्ये फ्रँक द बूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भाषेच्या आधारे पुढचे पाऊल टाकले. बदल हा एकाच जातीचा नसतो, हे त्यांनी नियमांत आणले. घटक काढून टाकणे निराळे, त्यात फेरफार करणे निराळे, आणि त्याचा विस्तार करणे निराळे. सेवेचा विस्तार केला तर तिचा जुना ग्राहक सहसा निर्वेध राहतो. ती काढून टाकली तर त्याचे काम अडते. म्हणजे एकाच घटकापासून, एकाच भांडारातून, तीन भिन्न अहवाल निघाले पाहिजेत. ही गोष्ट ऐकताना इतकी उघड वाटते की तिची नोंद घ्यावी काय असा प्रश्न पडेल. परंतु ‘बदलाचा प्रकार’ हा प्रश्न न विचारताच माग काढणारे अहवाल आजही सर्रास मांडले जातात.

आता दिशेच्या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण मांडणीतील सर्वाधिक घोटाळे त्यात आहेत. आर्किमेटमध्ये नेमणूक, साकारणे व सेवा देणे या संबंधांचे बाण आधार देणाऱ्याकडून आधार घेणाऱ्याकडे जातात. तेव्हा सर्व्हरपासून बाणाच्या दिशेने चालत गेले की आज्ञावली, सेवा, काम आणि अखेर ग्राहक, असा परिणाम बरोबर उलगडत जातो. समावेशाचा बाण मात्र पूर्णाकडून अंशाकडे असतो. अंश बिघडला तर झळ पूर्णाला लागते, म्हणजे येथे बाणाच्या उलट चालावे लागते. माहिती हाताळण्याचा संबंध याहून विलक्षण आहे. तो नेहमी कामापासून माहितीकडे असा साठविला जातो. काम ती माहिती केवळ वाचत असेल तर चित्रात बाणाचे टोक कामाकडे काढतात. चित्र एक दिशा दाखविते, भांडार दुसरी. अहवाल भांडारावरून निघतो. त्यामुळे ‘सर्व बाणांच्या दिशेने’ असा सरसकट नियम घातला तर ग्राहकाच्या नोंदीचा साचा बदलला असता तो वाचणारे एकही काम अहवालात येत नाही, आणि चित्रात पाहणाऱ्यास हे का घडले ते उमगत नाही.

त्यात यूएमएल या दुसऱ्या चित्रभाषेची भर पडते. तीत अवलंबनाचा बाण आधार घेणाऱ्याकडून आधार देणाऱ्याकडे जातो, म्हणजे आर्किमेटमधील सेवेच्या बाणाच्या नेमका उलटा. ऑस्ट्रेलियातील स्पार्क्स कंपनीच्या एंटरप्राइज आर्किटेक्ट या सॉफ्टवेअरसारख्या साधनांत दोन्ही भाषा एकाच भांडारात नांदू शकतात. प्रोग्रामर मंडळींनी एक भाषा वापरली आणि आराखडा करणाऱ्यांनी दुसरी, तर एकाच दिशेचा माग सीमेवर येताच मागे फिरतो. अशा भांडारासाठी अहवाल मांडताना प्रत्येक संबंधप्रकारापुढे ‘झळ कोणीकडे जाते’ हे स्वतंत्रपणे लिहून ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. आर्किमेटच्या २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘वापरला जातो’ या संबंधाचे नाव बदलून ‘सेवा देतो’ असे केले गेले. बाण होता तसाच राहिला. केवळ वाचणाऱ्याचा दिशाभ्रम टळावा म्हणून एका प्रमाणभाषेस नाव बदलावे लागले, यावरून हा भ्रम किती पसरला होता याची कल्पना येईल.

दिशेनंतर पल्ला. आर्ची हे विनामूल्य सॉफ्टवेअर इंग्लंडमधील बोल्टन विद्यापीठात फिल बोव्हॉयर यांनी तयार केले व ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एका घटकाभोवतीचे जाळे दाखविणारी सोय आहे. पावले किती, संबंध कोणते आणि दिशा कोणती हे तिन्ही तेथे निवडता येतात. ही सोय वापरून पाहिली म्हणजे पल्ल्याचा प्रश्न डोळ्यांस दिसतो. समजा, प्रत्येक घटकापासून सरासरी पाच नव्या घटकांकडे वाट जाते. पहिल्या पावलावर पाच, दुसऱ्यावर पंचवीस, तिसऱ्यावर सव्वाशे आणि चौथ्यावर सहाशे पंचवीस. चार पावलांत एकूण ७८०. तीन हजार घटकांच्या प्रतिमानात हा चौथा हिस्सा झाला. प्रत्यक्षात वाटा एकमेकींत मिसळतात म्हणून आकडा कमी भरतो, पण कल स्पष्ट आहे. बोनर यांनी २००२ मध्ये अंतराचा दर्शक सुचविला तो यासाठीच : घटक केवळ यादीत न घालता तो किती पावलांवर सापडला हेही लिहावे, म्हणजे वाचणारा जवळचे आधी पाहील. आमच्या मते सरसकट चार किंवा पाच पावलांची मर्यादा घालण्यापेक्षा माग कोणत्या जातीच्या घटकापाशी थांबावा हे ठरविणे अधिक शहाणपणाचे आहे. ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या सेवेपाशी माग पोचला की तो थांबावा, कारण तेथून पुढे आज्ञावल्यांचा विषय संपतो आणि करारांचा सुरू होतो. पावलांची मर्यादा ही बहुतांशी कागदाच्या आकाराची सोय आहे.

५

येथवरची चर्चा विद्वानांच्या वादासारखी भासेल. म्हणून एक घडलेली हकीकत सांगतो. ब्रिटनमधील रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहात १७ जून २०१२ रोजी एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसविण्यात आली. रात्रीच्या वेळी खात्यांच्या नोंदी अद्ययावत करणारी कामे कोणत्या क्रमाने चालावीत हे ठरविणारे ते सॉफ्टवेअर होते. दुसऱ्या दिवशी काही विसंगती आढळल्यावर ती नवी आवृत्ती काढून जुनी परत घालण्याचा निर्णय झाला, पण तसे केल्याचे परिणाम आधी तपासले गेले नाहीत. नव्या आणि जुन्या आवृत्तीचे परस्परांशी जुळत नव्हते. क्रम विस्कटला. किमान ६५ लाख ग्राहकांना त्याचा त्रास झाला; अल्स्टर बँकेच्या ग्राहकांची गैरसोय १० जुलैपर्यंत चालली. लोकांना आपल्या खात्यातील शिल्लक कळेना, गहाणकर्जाचे हप्ते वेळेवर जाईनात. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन नियामक संस्थांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या हकीकतीत दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की क्रम ठरविणारे असे सॉफ्टवेअर जवळजवळ सर्वच कामांना चिकटलेले असते. त्यापासून अमर्याद पल्ल्याने माग काढला तर अहवालात सारी बँकच येईल, आणि ‘सर्वांवर परिणाम होईल’ असे सांगणारा अहवाल कोणी वाचत नाही. तो खरा असतो, पण निरुपयोगी. अशा घटकांसाठी निराळी मांडणी लागते : किती घटकांना झळ लागेल हे मोजण्याऐवजी, थांबल्यास किती तासांत ग्राहकाला जाणवेल या क्रमाने यादी लावावी लागते, आणि त्यासाठी प्रत्येक संबंधाजवळ काळाची नोंद असावी लागते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. नवी आवृत्ती काढून टाकणे हाही एक बदलच होता. आरंभाची स्थिती बदललेली होती, म्हणून आधीच्या स्थितीवरून काढलेला कोणताही माग त्यास लागू पडत नव्हता. बदल फसला तर मागे कसे यावयाचे, हा प्रश्न अहवालात स्वतंत्र आरंभसंच म्हणून यावयास हवा. प्रतिमानात ‘सध्याची’, ‘मधली’ व ‘पुढची’ अशा स्थिती वेगळ्या ठेवण्याची सोय २०१२ च्या आर्किमेटच्या दुसऱ्या आवृत्तीपासून प्रमाणभाषेतच आहे. अहवालाची मांडणी मात्र बहुधा सध्याच्या स्थितीपुरतीच केली जाते.

या पार्श्वभूमीवर २०१९ च्या आर्किमेट ३.१ मधील एक सुधारणा विशेष अर्थपूर्ण ठरते. सर्वांत दुर्बल संबंध उचलण्याचा जुना नियम तीत मोडून काढला गेला व अनुमानाचे दोन वर्ग करण्यात आले. काही अनुमाने निश्चित असतात. काही केवळ संभाव्य असतात, त्यांचा स्वीकार प्रतिमान जाणणाऱ्या माणसाने तपासून करावयाचा असतो. पंधरा वर्षे ज्या नियमाच्या सुटसुटीतपणाचे कौतुक झाले, तो काही ठिकाणी नसलेले संबंध उभे करीत होता, याची ही कबुली होय. अहवालात या दोन वर्गांस दोन रकाने दिले, तर भिंतीवरील कोष्टकापुढे बोट फिरविणाऱ्या त्या अधिकाऱ्याचे ज्ञान काही अंशी परत येऊ शकेल : पहिला रकाना यंत्राने भरावा, दुसऱ्यातील प्रत्येक ओळ कोणी तरी वाचून राखावी किंवा खोडावी, आणि कोणी खोडली तेही लिहावे.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये केलेला वित्तसंस्थांच्या अंकीय सक्षमतेविषयीचा नियम १७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. संस्थेचे कोणते काम कोणत्या यंत्रणेवर अवलंबून आहे याची नोंद ठेवणे आणि प्रत्येक मोठ्या बदलाच्या वेळी धोक्याचे मूल्यमापन करणे त्याने बंधनकारक केले आहे. त्यामुळे असे अहवाल आता तपासनिसांपुढे जातील. तपासनीस अहवाल पाहील, परंतु अहवालामागील मांडणी, म्हणजे कोणता संबंध कोणत्या दिशेने वाचला व कोठे थांबला, ही त्यापुढे सादर करावी असे बंधन त्या नियमात नाही. आणि बदल पार पडल्यावर प्रत्यक्ष काय बदलावे लागले याची नोंद मूळ अंदाजाशेजारी करून ठेवण्याची प्रथा तर अद्याप फारच थोड्या ठिकाणी आहे. एरिक्सनमधील ती मोजदाद १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली होती.